थोडक्यात स्वतःविषयी

कुताइसीत, रिओनी नदीच्या वरच्या अंगाला,
त्सिसाना आत्याच्या स्वयंपाकघरात
मी फोन साखरेच्या डब्याला टेकवते आणि म्हणते, नीट बस.
ती नीट बसते. म्हणजे पासपोर्टसाठी बसावं तशी,
हनुवटी वर, ओठ मिटलेले,
जणू समोर फोन नसून दातांचा डॉक्टर आहे.

वय एकोणसाठ. पियानो जुळवते.
गेल्या वर्षभरात अकरा पियानो,
त्यातला एक फुकट, शेजारधर्म म्हणून.
हल्ली बतुमीहून एक पोरगा येतो गावात.
त्याचं पान आहे. पानावर त्याचे दंड आहेत,
दंडांमागे समुद्र आहे.
पियानो मला तरी कुठे दिसला नाही.

चौकट विचारते: तुम्ही कोण? दीडशे अक्षरांत.
मी लिहिते: अनुभवी. विश्वासू. सुरांची जादूगार.
ती चष्मा कपाळावर सरकवून वाचते.
"जादूगार खोड.
आणि मी विश्वासू, असं स्वतःच लिहिणाऱ्या माणसाला
मी घराची किल्ली देणार नाही."
आत्या, इथे आपली टिमकी आपणच वाजवायची असते.
"वाजव की. आधी सुरात तरी आण."

फोटो काढले त्रेचाळीस.
हसणार नाही म्हणाली, हसलं की कान मागे जातात.
फिल्टर लावला तर गालावरची खूण पुसली गेली,
सात नंबर शाळेत तार तुटून लागलेली.
"ती परत आण."
आणली. एका बोटाचं काम.
पुढे कौशल्यं निवडायची होती:
नेतृत्व, संवाद, वेळेचं नियोजन.
यादीत कान नव्हता.

पान झालं एकदाचं.
पहिल्या दिवशी तिघांनी पाहिलं.
एक मी, एक ती,
आणि एक बाई, दमामच्या की कुठल्याशा, पडदे विकणारी.

पाचव्या दिवशी, रात्री, निरोप आला.
मालखाझ नावाचा कुणी, झेस्तापोनीचा.
आई वारली, घर रिकामं करतोय,
पियानोची पुढची फळी काढली तर आत हे. तुम्हीच का?
आणि फोटो. कच्चं लाकूड, त्यावर पेन्सिल,
एकाखाली एक, तिरकं होत गेलेलं अक्षर:

मार्च ९१. हवा दमट. मधला रे ढिला. त्सिसाना.
ऑक्टोबर ९२. उंदीर. नऊ नमदे बदलले. त्सिसाना.
जानेवारी ९४. वीज नाही. मेणबत्तीवर जुळवला.
बाईंनी खुर्च्या जाळल्या, हा ठेवला. पैसे घेतले नाहीत. त्सिसाना.
मे ९९. मुलगा आता दोन्ही हातांनी वाजवतो.

मी फोन तिच्या हातात दिला.
तिने दोन बोटांनी लाकूड मोठं केलं, आणखी मोठं,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "बघ, हा नमदा मी उलटा बसवला होता.
तीस वर्षं त्या बाईला ऐकू आलं असणार.
बोलली नाही कधी."

अशी किती ठिकाणी लिहून ठेवलीस?
ती छताकडे बघून मोजायला लागली,
चाळीसच्या पुढे गल्ल्यांची नावं घ्यायला लागली,
मग दुधाला उकळी आली.

"त्याला लिही, शनिवारी येते.
विकायचा असला तरी बेसूर विकू नये.
आणि खिडकीजवळ असेल तर आधी हलव म्हणावं."

त्या रात्री तिला न विचारता
मी हनुवटीवाला फोटो काढून टाकला,
पेन्सिलचा लावला.
दीडशेच्या चौकटीत लिहिलं:
हवा दमट. मधला रे ढिला. त्सिसाना.

सकाळी तिने ते वाचलं, दोनदा,
ब्रेडचा तुकडा तसाच हातात.
"रे ढिला," ती म्हणाली,
"न वाजवताच लिहिलंस?"